केस : एका मोठ्या आश्वासनाचा इतिहास

सप्टेंबर 1989 मध्ये आयबीएमने ‘एडी/सायकल’ नावाची योजना जाहीर केली. एखाद्या बँकेला किंवा विमा कंपनीला लागणारे सॉफ्टवेअर पहिल्या कल्पनेपासून शेवटच्या दुरुस्तीपर्यंत एकाच साखळीत तयार व्हावे, असा तिचा संकल्प होता. व्यवसायाचा आराखडा, माहितीच्या आकृत्या, आकृत्यांतून निघणारा कोबॉलचा कोड, चाचण्या, पुढची देखभाल हे सगळे मेनफ्रेमवरच्या एका मध्यवर्ती रिपॉझिटरीत राहणार होते. प्रत्येक टप्प्याचे साधन त्याच भांडारातून माहिती घेणार आणि तिथेच परत ठेवणार. इंडेक्स टेक्नॉलॉजी, नॉलेजवेअर आणि बॅकमन इन्फर्मेशन सिस्टिम्स या तीन कंपन्यांमध्ये आयबीएमने त्यासाठी पैसेही गुंतवले. संगणकाच्या मदतीने सॉफ्टवेअर घडवण्याच्या या प्रयत्नाला ‘कॉम्प्युटर एडेड सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ किंवा थोडक्यात ‘केस’ म्हणत. एडी/सायकल हा त्या पर्वाचा कळस होता. काही वर्षांतच योजना गुंडाळली गेली आणि नॉलेजवेअर 1994 मध्ये स्टर्लिंग सॉफ्टवेअरला विकली गेली. त्याच काळात, सत्तरच्या दशकात बेल लॅब्जमधल्या थोड्या प्रोग्रॅमरांनी स्वतःच्या अडचणीपोटी लिहिलेली छोटी साधने मात्र जगभर पसरत होती. त्यांतली काही आजही रोज वापरात आहेत. एका बाजूला भांडवल, मोठी नावे आणि सुसंगत सिद्धान्त, दुसऱ्या बाजूला काही शे ओळींच्या उपयुक्त युक्त्या. तरीही निकाल असा का लागला? माझ्या मते याचे उत्तर तंत्राच्या श्रेष्ठत्वात सापडत नाही. सॉफ्टवेअर ही बांधून संपवायची वस्तू आहे की सतत बदलत राहणारी, या एका प्रश्नावर दोन्ही बाजूंची भूमिका वेगळी होती, आणि निकाल तिथेच ठरला.

केसच्या मागची तळमळ खरी होती, हे आधी मान्य केले पाहिजे. ऑक्टोबर 1968 मध्ये जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोच्या विज्ञान समितीने भरवलेल्या परिषदेत सुमारे पन्नास तज्ज्ञ जमले होते. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नाव तिथून रूढ झाले आणि ‘सॉफ्टवेअर संकट’ हा शब्दप्रयोगही तिथल्याच चर्चेतून पसरला. यंत्रे दरवर्षी वेगवान होत होती, पण त्यांच्यासाठी लागणारे प्रोग्रॅम वेळेवर, ठरल्या खर्चात आणि भरवशाचे मिळत नव्हते. आयबीएमच्या ओएस/360 या प्रणालीचे प्रमुख राहिलेले फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्ये लिहिले, की 1963 ते 1966 या काळात त्या प्रणालीवर बहुधा पाच हजार मनुष्यवर्षे खर्ची पडली. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे लावली की ते काम आणखी लांबते, हा त्यांचा निष्कर्ष आजही प्रत्येक प्रकल्प-प्रमुखाला ऐकवला जातो. पूल बांधणारा अभियंता आधी नकाशा काढतो, गणित मांडतो, मग बांधकामाला हात घालतो. प्रोग्रॅमर मात्र थेट कोड लिहायला बसतो. तेव्हा यालाही नकाशा द्यावा, आणि नकाशातल्या चुका शोधायचे काम संगणकालाच सांगावे, हा विचार त्या परिस्थितीत अगदी स्वाभाविक होता.

मिशिगन विद्यापीठात डॅनियल टाइक्रो यांच्या ‘आयएसडीओएस’ प्रकल्पाने या विचाराला पहिले ठोस रूप दिले. ‘पीएसएल’ या भाषेत प्रणालीची गरज लिहायची आणि ‘पीएसए’ हा प्रोग्रॅम तिच्यातली विसंगती शोधणार. कोणती माहिती येते पण कुठेच वापरली जात नाही, कोणता अहवाल हवा आहे पण त्याचा स्रोतच नोंदलेला नाही, अशा गोष्टी तो दाखवून देई. टाइक्रो आणि हर्शी यांचा त्यावरचा निबंध 1977 चा आहे. पुढे टॉम डिमार्को आणि एड यॉर्डन यांनी ‘स्ट्रक्चर्ड अ‍ॅनालिसिस’ची पद्धत लोकप्रिय केली. वर्तुळे आणि बाण यांनी माहितीचा प्रवाह दाखवणाऱ्या त्या आकृत्या ऐंशीच्या दशकात संगणक विभागांच्या भिंतींवर झळकू लागल्या. पीटर चेन यांची 1976 ची ‘एंटिटी-रिलेशनशिप’ आकृती डेटाबेसच्या आखणीसाठी घेतली गेली. या आकृत्या हाताने काढणे आणि पुन्हा पुन्हा खोडून सुधारणे कष्टाचे होते. म्हणून 1984 मध्ये इंडेक्स टेक्नॉलॉजीने आयबीएम पीसीवर चालणारे ‘एक्सेलरेटर’ आणले, तेव्हा ते विश्लेषकांना मोठा दिलासा वाटले. जेम्स मार्टिन यांच्या ‘इन्फर्मेशन इंजिनिअरिंग’ विचाराने त्याही पुढची झेप घेतली. संपूर्ण कंपनीच्या माहितीचा आराखडा आधी काढावा आणि त्यातून प्रोग्रॅम आपोआप निघावेत, अशी ती मांडणी होती. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे ‘आयईएफ’ आणि नॉलेजवेअरची साधने याच पायावर उभी राहिली.

जपानने यापेक्षाही मोठी बाजी लावली. तिथल्या व्यापार व उद्योग मंत्रालयाने 1985 मध्ये ‘सिग्मा’ प्रकल्प सुरू केला. देशभरच्या सॉफ्टवेअर निर्मात्यांना युनिक्सवर आधारलेली सामायिक साधने आणि कार्यस्थानके द्यायची, म्हणजे प्रोग्रॅमरांचा तुटवडा भरून निघेल, असा त्यामागचा हिशेब होता. पाच वर्षांनी प्रकल्प संपला तेव्हा उद्योगाने तो फारसा स्वीकारलेला नव्हता. अमेरिकेतही चित्र वेगळे नव्हते. ख्रिस केमेरर यांनी 1992 मध्ये ‘आयईईई सॉफ्टवेअर’मध्ये एक अंदाज नमूद केला : साधन आणल्यानंतर वर्षभराने 70 टक्के केस साधने कधीच वापरली जात नाहीत, 25 टक्के एखाद्याच गटाकडे वापरात असतात, आणि उरलेली 5 टक्के सर्वत्र वापरली जातात पण पूर्ण क्षमतेने नाही. शिकण्याचा काळ लांब असतो, त्या काळात उत्पादकता वाढण्याऐवजी घटते आणि व्यवस्थापन धीर सोडते, हा केमेरर यांचा मुख्य मुद्दा होता. वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी पुढच्या वर्षी दोन संस्थांचा अभ्यास करून दाखवले, की साधन येताना कामाची वाटणी, अधिकार आणि माणसांची प्रतिष्ठाही बदलते. या बदलांचा विचार न करता नुसते साधन बसवले तर लोक ते मनापासून स्वीकारत नाहीत. ही दोन्ही स्पष्टीकरणे खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. शिकायला अवघड असलेली साधनेसुद्धा उपयोगी ठरली तर माणसे शिकतात. बेल लॅब्जमध्ये वाढलेल्या युनिक्स या प्रणालीचे बरेचसे जगच याचा पुरावा आहे.

त्या जगाकडे वळू. मार्क रॉचकिंड यांनी बेल लॅब्जमध्ये 1972 मध्ये ‘एससीसीएस’ हा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि 1975 मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. कोडची फाइल बदलली की जुनी आवृत्ती पुसायची नाही. कोणत्या ओळी बदलल्या, कोणी, केव्हा आणि कशासाठी, एवढा फरक तेवढा जपून ठेवायचा. आपल्याकडे जमिनीच्या सातबाऱ्यावर आजची स्थिती दिसते आणि ती कशी झाली हे फेरफाराच्या नोंदवहीत सापडते, तसेच हे काम. त्याच लॅबमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये ‘मेक’ लिहिला. त्याची जन्मकथा त्यांनीच सांगितली आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एका अचूक प्रोग्रॅममधला बग शोधण्यात सबंध सकाळ घालवून बसले होते. दुरुस्ती केलेली होती, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल झालेली नव्हती. कोणती फाइल कोणत्या फाइलवर अवलंबून आहे हे लिहून ठेवले, तर काय बदलले आणि काय नव्याने बनवायचे हे संगणकच ठरवू शकतो, एवढाच ‘मेक’चा गाभा. याच जॉन्सन यांनी सी भाषेतल्या संशयास्पद ओळी शोधणारा ‘लिंट’ लिहिला. डग्लस मॅकिलरॉय आणि जेम्स हंट यांच्या ‘डिफ’ने दोन फाइलींतला फरक नेमका दाखवायची सोय केली, आणि 1985 मध्ये लॅरी वॉल यांच्या ‘पॅच’ने तो फरक दुसऱ्याच्या फाइलीत लावण्याची. वॉल्टर टिची यांच्या ‘आरसीएस’पासून ‘सीव्हीएस’ आणि ‘सबव्हर्जन’पर्यंत, आणि पुढे एप्रिल 2005 मध्ये लिनस टॉरव्हल्ड्स यांनी लिनक्सच्या गरजेतून लिहिलेल्या ‘गिट’पर्यंतची परंपरा सरळ रॉचकिंड यांच्या कल्पनेपाशी पोचते.

या साधनांच्या निर्मात्यांनी कोणताही महासिद्धान्त मांडला नव्हता. तरी त्यांच्या कामात एक गृहीत ठामपणे बसलेले होते : प्रोग्रॅम आज बदलला, उद्याही बदलणार, आणि बदलांचा हिशेब ठेवणे हेच मुख्य काम. हे गृहीत बरोबर असल्याचे पुरावे तेव्हाच जमा होत होते. मीर लेहमन यांनी आयबीएममध्ये असताना ओएस/360 च्या वाढीचा अभ्यास केला आणि लाझ्लो बेलाडी यांच्याबरोबर त्यातून काही नियम मांडले. प्रत्यक्ष जगात वापरला जाणारा प्रोग्रॅम सतत बदलत राहिला नाही तर हळूहळू निरुपयोगी होतो, हा पहिला. आणि मुद्दाम श्रम घेतले नाहीत तर प्रत्येक बदलाबरोबर त्याची गुंतागुंत वाढत जाते, हा दुसरा. लिएंट्झ आणि स्वॉन्सन यांनी 487 संस्थांची पाहणी करून 1980 मध्ये ग्रंथरूपाने निष्कर्ष मांडले. संगणक विभागांचा सुमारे निम्मा वेळ आधीपासून चालू असलेल्या प्रणालींच्या देखभालीत जात होता. आणि त्या देखभालीत बग दुरुस्त करण्याचा वाटा जेमतेम पंचमांश होता. सर्वांत मोठा वाटा वापरणाऱ्यांच्या नव्या मागण्यांचा होता. कायदा बदलतो, करांचे दर बदलतात, बँक दुसरी बँक विकत घेते, शाखेच्या व्यवस्थापकाला नवा अहवाल हवा असतो. देखभाल म्हणजे चुकीच्या बांधकामाची डागडुजी, ही समजूत या पाहणीने मोडीत काढली होती. केसच्या पुरस्कर्त्यांनी मात्र बहुतांश भर ‘आधी नीट आराखडा केला की देखभाल घटेल’ या आशेवर दिला. दुर्लक्ष झाले ते इथे, असे मला वाटते.

प्रत्यक्षात काय घडे हे पाहिले की मुद्दा स्पष्ट होतो. विश्लेषक महिनोन्‌महिने आकृत्या काढत, साधन त्यांतून कोबॉलचा सांगाडा काढून देई, आणि प्रोग्रॅमर उरलेला तपशील हाताने भरत. प्रणाली चालू झाली, की महिन्याअखेरीस पगाराचा हिशेब चुकल्याची तक्रार येई. प्रोग्रॅमर रात्रीच कोड उघडून दुरुस्ती करी, कारण सकाळी पगार व्हायलाच हवा. आकृती तशीच राही. अशा पंधरा-वीस दुरुस्त्यांनंतर आकृती आणि कोड यांचे नाते तुटलेले असे. आता आकृतीवरून पुन्हा कोड काढला तर सगळ्या दुरुस्त्या वाहून जातील, म्हणून कोणी तो काढत नसे. मग आकृती अद्ययावत ठेवणे हे वाढीव काम होऊन बसे, आणि घाईच्या वेळी माणूस वाढीव काम पहिल्यांदा टाकतो. ज्याला हात लावून आपण बदल करतो तोच खरा मूळ दस्तऐवज. दुसरी प्रत कितीही सुंदर असली तरी ती शिळी होत जाते. एससीसीएस आणि मेक यांनी दुसरी प्रत मागितलीच नाही. प्रोग्रॅमर ज्या फाइलीवर काम करत होता, तिच्याभोवतीच ती साधने उभी होती.

यावर पहिला आक्षेप असा, की एडी/सायकल कल्पनेमुळे मेली नाही, मेनफ्रेमची सद्दी संपल्यामुळे मेली. पीसी, स्थानिक नेटवर्क आणि विंडोज आले, आणि मध्यवर्ती भांडाराचा पायाच निखळला. यात तथ्य आहे आणि आयबीएमच्या निर्णयात त्याचा वाटा मोठा होता. पण एक्सेलरेटर तर पीसीवरच चालत होते, आणि तेही मागे पडले. उलट पीडीपी-11 वर वाढलेले मेक आणि त्याची भावंडे यंत्रांच्या कित्येक पिढ्या ओलांडून आली. यंत्र बदलले तरी ‘काय बदलले आणि कोणी बदलले’ हा प्रश्न कायम राहतो. ठरावीक कंपनीच्या ठरावीक आकृती-पद्धतीला असे आयुष्य मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यांत्रिक पद्धतीने कोड तयार करण्याची कल्पना जर मुळातच चुकीची, तर कंपायलर कसे यशस्वी झाले? जॉन बॅकस यांच्या गटाने आयबीएम 704 साठी 1957 मध्ये फोर्ट्रान दिली, तेव्हा सूत्रांवरून यंत्राचा कोड काढण्याचे काम संगणकाकडे गेले आणि परत कधी माणसाकडे आले नाही. मग एक पायरी वर जाऊन आकृतीवरून कोबॉल काढण्यात गैर ते काय? काहीच गैर नाही, आणि हीच माझ्या मुद्द्याची खरी कसोटी आहे. फोर्ट्रान वापरणारा शास्त्रज्ञ निघालेला यंत्र-कोड उघडून दुरुस्त करत बसला नाही. बदल करायचा तर तो फोर्ट्रानच्या ओळीत करी आणि सगळे पुन्हा कंपाइल करी. केसच्या जगात ज्या मोजक्या साधनांनी ही शिस्त पाळली, ती टिकलीही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या आयईएफमध्ये सबंध कोबॉल मॉडेलवरूनच निघे, तो हाताने बदलायचा नसे, आणि दुरुस्ती मॉडेलमध्ये होई. मालकी बदलत गेली, नावे बदलत गेली, शेवटी ते ‘सीए जेन’ या नावाने ओळखले जाऊ लागले आणि एकविसाव्या शतकातही मोठ्या संस्थांच्या प्रणाली त्यावर चालत राहिल्या. विमानांच्या उड्डाण-नियंत्रणासाठी वापरले जाणारे ‘स्केड’ किंवा नियंत्रण-अभियंत्यांचे ‘सिम्युलिंक’ यांचीही तीच गोष्ट. तिथे आकृती हाच मूळ दस्तऐवज असतो. म्हणजे आकृत्यांवर माझा रोख नाही. आकृती दुय्यम ठेवून तिच्याकडून मुख्य काम अपेक्षिणे, हा केसचा दोष होता.

या इतिहासात मुंबई-पुण्याचा धागाही आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. भारतातल्या सॉफ्टवेअर व्यवसायाचा पायाच मुळी दुसऱ्याने लिहिलेला कोड समजून घेऊन बदलण्याच्या कामावर घातला गेला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने 1974 मध्ये घेतलेले पहिले निर्यातीचे काम रुग्णालयाची एक प्रणाली बरोझ या संगणक-कंपनीच्या एका कोबॉलमधून दुसऱ्या कोबॉलमध्ये नेण्याचे होते, आणि ते मुंबईत आयसीएल 1903 या वेगळ्याच यंत्रावर पार पडले. पुढे 1981 मध्ये पुण्यात ‘टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर’ उभे राहिले. झुरिकमध्ये पास्कलच्या ‘पी’ कंपायलरवर काम केलेले केशव नोरी तिथे आले आणि सॉफ्टवेअर साधनांच्या संशोधनाला तिथे घर मिळाले. विनय कुलकर्णी आणि श्रीधर रेड्डी यांच्या गटाने नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून मॉडेलवरून मोठ्या व्यावसायिक प्रणालींचा कोड काढणारी साधने बांधली. ‘मास्टरक्राफ्ट’ हे नाव त्यातूनच पुढे आले. त्यांच्या प्रसिद्ध निबंधांमधला एक अनुभव मला फार मोलाचा वाटतो. कोड काढणारे साधन एकदा लिहिले की काम संपत नाही. प्रत्येक ग्राहकाचे तंत्रज्ञान वेगळे, त्याच्या पद्धती वेगळ्या, त्यामुळे साधनालाही सतत बदलावे लागते आणि साधनांचे एक कुटुंबच सांभाळावे लागते. लेहमन यांचा नियम साधनांनाही लागू होतो, हे पुण्यातल्या कामाने प्रत्यक्ष दाखवले.

वर्ष 2000 चा प्रश्न आला तेव्हा देखभालीच्या साधनांची परीक्षा झाली. वर्षासाठी दोनच आकडे ठेवणाऱ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये 1999 नंतर ‘00’ येणार होते, आणि तारखेची वजाबाकी करणारी प्रत्येक ओळ संशयित होती. लाखो ओळींच्या कोबॉलमध्ये तारीख कुठे आहे, तिची किंमत पुढे कोणत्या नावाने फिरते, कोणत्या फाइलीत जाऊन बसते, हे शोधायला आकृती काढणारे साधन उपयोगाचे नव्हते. तिथे लागत होते कोडचे विश्लेषण करणारे साधन. मार्क वायझर यांनी 1979 च्या प्रबंधात ‘प्रोग्रॅम स्लायसिंग’ची कल्पना मांडली होती : एखाद्या जागच्या किमतीवर परिणाम करणाऱ्या तेवढ्या ओळी वेगळ्या काढायच्या. बग शोधताना अनुभवी प्रोग्रॅमर मनात असाच छेद घेतात, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले होते. जुन्या कोडवरून त्याचा आराखडा उलगडण्याच्या या शाखेला नव्वदच्या दशकात ‘रिव्हर्स इंजिनिअरिंग’ म्हणून मान मिळाला आणि वर्ष 2000 ने तिला बाजार दिला. युनिक्सची साधने छोट्या हुशार गटांसाठी ठीक, मोठ्या बँकांना केससारखी भक्कम चौकटच हवी, असा एक आक्षेप तोवर घेतला जाई. पण बँकांच्या सर्वांत मोठ्या अडचणीच्या वेळी कामाला आली ती असलेला कोड वाचणारी, बदल नोंदवणारी आणि चाचण्या पुन्हा पुन्हा चालवणारी साधने.

केसने मागे काहीच ठेवले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. डेटाबेसची आखणी आजही चेन यांच्या आकृतीवरून शिकवली जाते. बूच, रंबॉ आणि जेकबसन यांच्या प्रयत्नांतून आलेली आणि 1997 मध्ये प्रमाण मानली गेलेली ‘यूएमएल’ संवादासाठी फळ्यावर अजून काढली जाते. सगळी माहिती एका भांडारात असावी हे स्वप्नही वाया गेले नाही. आज प्रत्येक गटाचे भांडार असते, फक्त त्याच्या केंद्रस्थानी आकृतीऐवजी कोड आणि त्याचा बदलांचा इतिहास आहे. ब्रुक्स यांनी 1986 मध्येच बजावले होते, की सॉफ्टवेअरची गुंतागुंत अंगभूत असल्याने कोणतेही एक साधन दहा वर्षांत उत्पादकता दहापटीने वाढवू शकणार नाही. त्या इशाऱ्याला केसच्या विक्रेत्यांनी निराशावाद मानले. पुढच्या दशकाने तो हिशेब बरोबर ठरवला.

आता 2021 पासून कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी कोड-लेखनाची साधने आली आहेत आणि साध्या भाषेत गरज सांगावी, प्रोग्रॅम तयार मिळावा, हे टाइक्रो यांच्या काळचे आश्वासन नव्या जोमाने दिले जात आहे. त्यांची क्षमता जुन्या साधनांहून कितीतरी मोठी आहे हे उघड दिसते, म्हणून जुने अपयश त्यांच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. पण केसच्या इतिहासातून मिळणारा प्रश्न त्यांनाही विचारायला हवा. सहा महिन्यांनी नियम बदलल्यावर दुरुस्ती कुठे होणार, साध्या भाषेतल्या मागणीत की निघालेल्या कोडमध्ये? सध्या तरी बहुतेक ठिकाणी ती कोडमध्येच होते आणि मूळ मागणी फेकून दिली जाते. तेव्हा कोड वाचू शकणारा माणूस, त्याच्या चाचण्या आणि बदल का केला याची नोंद, यांचे मोल घटलेले नाही. पुण्या-मुंबईत कोबॉल आणि वर्ष 2000 च्या कामात उभे आयुष्य घातलेली पिढी आता निवृत्त होत आहे. कोणती साधने वापरली, कोणती टाकून दिली आणि का, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही, आणि मराठीत त्याविषयी फार थोडे लिहिले गेले आहे. त्यांनी ते आता लिहावे.